कथेचा संस्कार

आपल्या न्यासाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी मुलांच्या संस्कारांविषयी काही लिहावे, अशी सूचना कार्यकारी मंडळाकडून आली तेव्हा आम्ही प्रथम थोडे बिचकलो. संस्कार हा शब्द आपल्या समारंभांत इतक्या वेळा उच्चारला जातो की तो कानी पडताच श्रोत्यांचे लक्ष अल्पोपाहाराकडे वळू लागते. परंतु विषयाचा विचार करू लागलो तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. चांगले काय आणि वाईट काय हे तुम्हाला कोणी शिकवले, असे आपल्यापैकी कोणालाही विचारले तर फार थोड्यांना एखादे व्याख्यान आठवेल. बहुतेकांना एखादी गोष्ट आठवेल, आणि तिच्याबरोबर ती सांगणारे माणूसही आठवेल. तेव्हा गोष्ट हे साधन नेमके कसे काम करते, कोठे ते लंगडे पडते, आणि बडोद्यात पिढ्यानपिढ्या राहिलेल्या आपल्या मराठी घरांत ते आज कोणत्या अवस्थेत आहे, एवढ्याच प्रश्नांचा विचार येथे करण्याचे योजले आहे.

राजाचा गाभारा

उदाहरणासाठी दूर जाण्याचे कारण नाही. श्रावणी सोमवारी आपल्या घरांत वाचली जाणारी खुलभर दुधाची कहाणी जुन्या मंडळींना पाठ आहे. नव्या पिढीसाठी तिचा सारांश देतो. एका राजाच्या मनात आले की महादेवाचा गाभारा दुधाने भरावा. त्याने दवंडी पिटवली आणि गावातल्या सर्वांनी घरातले सगळे दूध देवळात आणावे असे फर्मावले. राजाज्ञाच ती! लोकांनी वासरे बांधून ठेवली, पोराबाळांच्या तोंडचे दूध काढले आणि घागरीच्या घागरी आणून ओतल्या. गाभारा काही भरला नाही. दुपार झाल्यावर एक म्हातारी आली. तिने आधी घरची कामे आटोपली होती, मुलाबाळांना व लेकीसुनांना जेवू घातले होते, गाईवासरांचे पोट भरले होते; आणि मग उरलेले खुलभर दूध घेऊन ती देवळात आली होती. तिने पूजा करून ते एवढेसे दूध वाहिले आणि गाभारा काठोकाठ भरला. हा चमत्कार कोणामुळे घडतो ते राजाला कळेना. शेवटी तो स्वतः लपून बसला, म्हातारी सापडली, आणि अभय मिळाल्यावर तिने कारण सांगितले. तुझ्या आज्ञेने वासरे आणि पोरे तळमळतात, मोठ्या माणसांचे हाल होतात. ते देवाला आवडत नाही. राजाला आपली चूक कळली. पुढच्या सोमवारी सर्वांनी आधी घरच्यांची पोटे भरली, मग देवळात दूध नेले, आणि गाभारा भरला.

ही कहाणी आम्ही लहानपणी कितीदा ऐकली याची गणती नाही. पण तिचे कौशल्य ध्यानात यायला बरीच वर्षे जावी लागली. यातला राजा दुष्ट नाही. त्याची इच्छा धार्मिक आहे, त्याचा खटाटोपही प्रामाणिक आहे. दुष्ट माणसाला शिक्षा झाली हे सांगणाऱ्या गोष्टी पुष्कळ आहेत, आणि त्या ऐकताना आपण स्वतःला दुष्टांत कधीच धरीत नाही. ही कहाणी चांगल्या हेतूने झालेली चूक दाखवते. ती चूक आपल्या हातूनही होऊ शकते हे ऐकणाऱ्याला मनातल्या मनात कबूल करावे लागते. 'दानधर्म करावा' हे वचन खरे आहे. पण कोणाच्या तोंडचे काढून केलेले दान दान राहत नाही, ही सूक्ष्म मर्यादा त्या वचनात बसत नाही. ती बसवायला राजा, म्हातारी, वासरे आणि रिता राहिलेला गाभारा लागतो.

दुसरी गोष्ट अशी की या कहाणीत उपदेश आहे, परंतु तो फार उशिरा येतो. आधी गाभारा का भरत नाही हे राजाला कळत नाही, आपल्यालाही कळत नाही. मग एवढ्याशा दुधाने तो का भरला हा दुसरा प्रश्न उभा राहतो. मनात प्रश्न चांगला तापल्यावर म्हातारी बोलते. आणि तीही आसनावर बसून नव्हे, तर भीत भीत, अभय मागून बोलते. सत्य सांगण्याचा अधिकार राजाकडे नसून ज्याला कोणी विचारत नाही अशा बाईकडे असू शकतो, हा दुसरा संस्कार मुलाच्या मनावर नकळत होऊन जातो. त्याचा उच्चारही कोठे केलेला नाही.

तात्पर्य कोणी काढावे?

गोष्टीतून शिकवण्याची रीत मराठीत भाषेच्या ग्रंथरचनेइतकीच जुनी आहे. तेराव्या शतकात श्रीचक्रधरस्वामींनी निरूपणात सांगितलेले दृष्टांत पुढे केशिराजबासांनी 'दृष्टांतपाठ' या ग्रंथात एकत्र केले. त्याची घडण पाहण्यासारखी आहे. आधी सूत्र, म्हणजे सिद्धांताचे छोटेसे वचन. मग दृष्टांत, म्हणजे प्रत्यक्ष गोष्ट. आणि शेवटी दार्ष्टांतिक, म्हणजे गोष्टीचा सिद्धांताशी लावून दाखवलेला संबंध. हत्तीला चाचपून पाहणाऱ्या आंधळ्यांची गोष्ट याच ग्रंथात मराठीत आली आहे. येथे गोष्ट सिद्धांताची दासी आहे खरी. पण आज सर्वसामान्य माणसाला सूत्र आठवत नाही, हत्ती मात्र आठवतो.

नारदीय कीर्तनाची रचनाही याच जातीची आहे. पूर्वरंगात बुवा एखादा अभंग किंवा पद घेऊन त्यातील विचाराचे निरूपण करतात. उत्तररंगात तोच विचार आख्यानाच्या रूपाने उभा करतात. आणि आख्यान संपताना पुन्हा मूळ पदावर येतात. पूर्वरंगात जांभया देणारी मुले उत्तररंगाला सावरून बसतात, हा सर्वांचा अनुभव आहे. पण खरी खुबी शेवटी आहे. तासाभरापूर्वी ज्या ओळीने कंटाळा आणला तीच ओळ आख्यानानंतर ऐकली की ओळखीची वाटते, कारण मधल्या वेळात तिला माणसे मिळालेली असतात.

छापखाना आल्यावर मात्र या रचनेत एक फरक पडला. मराठीत इसापच्या कथा छापण्याचे आरंभीचे श्रेय महाराष्ट्राबाहेरच्या मराठी मंडळींकडे जाते, हे आपल्यासारख्यांनी अभिमानाने ध्यानात ठेवावे. तंजावरला सरफोजीराजांच्या आश्रयाने १८०६ साली इसापच्या गोष्टी 'बालबोध मुक्तावली' या नावाने मराठीत निघाल्या. पुढे शाळाखात्याच्या पुस्तकांतून अशा गोष्टी घरोघर गेल्या आणि प्रत्येकीच्या तळाशी 'तात्पर्य' छापले जाऊ लागले. परीक्षेत प्रश्न तात्पर्यावरच येई. साहजिकच हुशार मुले आधी तळाची ओळ पाठ करीत आणि वेळ उरला तर वरची गोष्ट वाचीत. कीर्तनकाराने जे शेवटी, श्रोत्याला तयार करून द्यायचे, ते पुस्तकाने आयते काढून ठेवले. फोडून दिलेल्या उखाण्यात जेवढी गंमत उरते तेवढीच अशा गोष्टीत उरते.

या दोषावर बोट ठेवण्याचे मोठे काम आपल्या शेजारीच, भावनगरला झाले. गिजुभाई बधेका यांनी १९२० साली दक्षिणामूर्ती बालमंदिर सुरू केले. मुलाला गोष्ट सांगायची ती प्रथम आनंदासाठी, हे त्यांचे सूत्र. 'दिवास्वप्न' या त्यांच्या पुस्तकातला शिक्षक दंगेखोर वर्ग ताब्यात घेण्यासाठी छडी घेत नाही, गोष्ट सांगू लागतो. ताराबाई मोडक यांनी भावनगरला त्यांच्याबरोबर काम केले, आणि पुढे १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचे काम सुरू करून ते खेड्यापाड्यांतल्या व आदिवासी मुलांपर्यंत नेले. गोष्टीला नीतीच्या गाड्याला जुंपू नका, ती आपल्या पायांनी चालू द्या, असा या मंडळींच्या विचाराचा सारांश आम्ही आमच्या शब्दांत सांगू. गोष्ट ऐकून मूल जे तात्पर्य स्वतः काढते तेवढेच त्याचे असते. आपण काढून दिलेले तात्पर्य आपलेच राहते.

चातुर्य आणि सदाचार

सर्वच जुन्या गोष्टी सदाचार शिकवतात असा एक गोड गैरसमज आपल्याकडे आहे. पंचतंत्राचेच पाहा. अमरशक्ती राजाच्या तीन मंदबुद्धी पुत्रांना सहा महिन्यांत शहाणे करण्याचा विडा विष्णुशर्म्याने उचलला, अशी त्याची प्रस्तावना. तो शिकवतो ती नीती म्हणजे राजनीती, जगात टिकून राहण्याचे चातुर्य. पहिल्याच तंत्रात, मित्रभेदात, दमनक नावाचा कोल्हा सिंह आणि बैल या दोन मित्रांमध्ये विष कालवतो. बैलाचा बळी जातो आणि दमनकाचे काही बिघडत नाही. ही गोष्ट मुलाला सांगून 'चुगली करू नये' असे तात्पर्य काढू गेले तर चाणाक्ष मूल विचारील, 'पण कोल्ह्याचे तर चांगलेच झाले की!'

हा प्रश्न फार जुना आहे. सहाव्या शतकात इराणचा वैद्य बुर्झोय याने हा ग्रंथ पहलवी भाषेत नेला आणि आठव्या शतकात इब्न अल्‌मुकफ्फा याने तो तेथून 'कलीला व दिम्ना' या नावाने अरबीत आणला. दिम्ना म्हणजे आपला दमनकच. अरबी ग्रंथात एक नवे प्रकरण आले आहे, ते मूळ संस्कृतात नाही. त्यात दिम्नाची चौकशी होते, साक्षीपुरावा होतो आणि त्याला शिक्षा होते. दूरदेशीच्या वाचकांनाही तो कोल्हा मोकळा सुटलेला सहन झाला नाही, म्हणून त्यांनी न्यायालय उभारून त्याचा निकाल लावला! आमच्या मते कथा मनावर कसे काम करते याचा याहून बोलका पुरावा नाही. अन्याय तसाच सोडून दिलेली गोष्टसुद्धा न्यायबुद्धी जागी करते. मात्र ऐकणाऱ्याला तिच्याशी भांडू दिले पाहिजे.

त्याच पंचतंत्रातली ब्राह्मणी आणि मुंगसाची गोष्ट पाहा. बाळाजवळ आलेल्या सापाला मुंगूस मारते. त्याचे रक्ताळलेले तोंड पाहून, याने आपले बाळ मारले अशा समजुतीने आई मुंगसाचाच जीव घेते. मग आत जाऊन पाहते तो बाळ सुखरूप. ज्या घरात ही गोष्ट सांगितली गेली आहे त्या घरात रागाने हात उचलणाऱ्याला 'मुंगूस आठव' एवढे दोन शब्द पुरतात. गोष्टीचा हा फार मोठा उपयोग आहे. ती घरातल्या माणसांना एक सांकेतिक भाषा देते. ऐन रागाच्या क्षणी लांब उपदेश ऐकायला कोणाला उसंत नसते, पण दोन शब्द ऐकू येतात.

प्रयोगांनी काय दिसले

गोष्टीचा परिणाम होतो ही केवळ वडीलधाऱ्यांची श्रद्धा आहे की त्याला काही आधार आहे, असे आजची तरुण मंडळी विचारतील, आणि ते योग्यच आहे. कॅनडातील टोरांटो विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ कांग ली व त्यांचे सहकारी यांनी २०१४ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. तीन ते सात वर्षांच्या २६८ मुलांना आवाजावरून खेळणे ओळखण्याचा खेळ दिला, मागे वळून पाहू नका असे सांगितले, आणि प्रयोग करणारी व्यक्ती क्षणभर बाहेर गेली. पुष्कळ मुलांनी अर्थातच वळून पाहिले. मग प्रत्येकाला एक गोष्ट वाचून दाखवली आणि 'तू पाहिलेस का?' असे विचारले. खोटे बोलल्यामुळे नाक लांबणाऱ्या पिनोकिओची, आणि 'लांडगा आला रे आला' म्हणणाऱ्या पोराची गोष्ट ऐकून मुलांच्या खरेपणात काही फरक पडला नाही. मात्र चेरीचे झाड तोडल्याची कबुली देणाऱ्या आणि त्याबद्दल वडिलांची शाबासकी मिळवणाऱ्या जॉर्ज वॉशिंग्टनची गोष्ट ज्यांनी ऐकली त्यांनी खरे सांगण्याचे प्रमाण वाढले. त्याच गोष्टीचा शेवट बदलून त्याने खोटे बोलून शिक्षा ओढवून घेतली असे सांगताच तो परिणाम नाहीसा झाला. धाक घालणाऱ्या गोष्टीपेक्षा खरे बोलणाऱ्याची मान उंचावणारी गोष्ट उपयोगी पडली, असा याचा अर्थ.

यात एक गमतीचा भागही आहे. वॉशिंग्टनच्या झाडाची ती कथा वीम्स नावाच्या चरित्रकाराने १८०६ च्या आवृत्तीत घातलेली दंतकथा मानली जाते. म्हणजे मुलांना खरे बोलायला लावणारी ही गोष्ट स्वतः खरी नाही!

त्याच विद्यापीठातील संशोधकांनी २०१७ साली दुसरा एक प्रयोग प्रसिद्ध केला. चार ते सहा वर्षांच्या मुलांपैकी काहींना आपल्याजवळचे वाटून घेणाऱ्या प्राण्यांची गोष्ट वाचून दाखवली आणि काहींना तीच गोष्ट प्राण्यांच्या जागी माणसांची चित्रे घालून वाचून दाखवली. नंतर मुलांना दिलेल्या चिकटचित्रांतली काही दुसऱ्यांसाठी ठेवण्याची संधी दिली. माणसांची गोष्ट ऐकलेली मुले अधिक उदार झाली. प्राण्यांची गोष्ट ऐकलेल्यांत ती वाढ दिसली नाही. अर्थात हे प्रयोग परदेशातले, थोड्या मुलांवरचे, आणि गोष्ट ऐकल्यानंतरच्या काही मिनिटांतले आहेत. आजीच्या मांडीवर वर्षानुवर्षे ऐकलेल्या गोष्टींचे मोजमाप त्यांत झालेले नाही. तरीही त्यांतून एक सूचना घेण्यासारखी आहे. कोल्ह्यासिंहाच्या गोष्टी बुद्धीला चाळवण्यासाठी सांगाव्यात. आचरण घडावे असे वाटत असेल तेथे मुलाला आपल्यासारखे माणूस गोष्टीत दिसावे.

आपल्या अनुभवाला हे धरूनच आहे. गांधीजींनी आत्मचरित्रात लहानपणी पाहिलेल्या हरिश्चंद्राच्या नाटकाविषयी लिहिले आहे. ते नाटक त्यांना इतके भिडले की ते त्यांनी मनात असंख्य वेळा करून पाहिले, आणि सगळेच हरिश्चंद्रासारखे सत्यवादी का नसावेत हा प्रश्न त्यांना सतावत राहिला. नाटक संपल्यावर कोणी त्यांची परीक्षा घेतली नव्हती. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहिले, ते १९३५ साली प्रसिद्ध झाले, आणि आचार्य अत्र्यांनी १९५३ साली त्यावर काढलेल्या बोलपटाला पहिले राष्ट्रपती सुवर्णपदक मिळाले. या पुस्तकाची रचनाच गोष्ट सांगण्याची आहे. श्याम रोज रात्री आश्रमातल्या सोबत्यांना आईची एकेक आठवण सांगतो. अंघोळीनंतर तळव्यांना माती लागू नये म्हणून आईला लुगडे पसरायला लावणारा छोटा श्याम आणि पायांना जपतोस तसे मनालाही घाण लागू नये म्हणून जप, असे त्याला सांगणारी आई, हा प्रसंग अनेकांच्या स्मरणात आहे. आई उपदेश करते, हे खरे. पण तो उपदेश मुलाचा हट्ट पुरवल्यानंतर आलेला आहे. आधी पदर, मग शब्द, हा क्रम चुकला की संस्कार बिघडतो.

मुलाचा प्रश्न

जुने ते सर्व सोने, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. आपल्या काही कहाण्यांत सावत्र आई हटकून कपटी असते, विधवा अपशकुनी ठरते, आणि व्रत चुकलेल्या बाईवर आभाळ कोसळते. पुष्कळ गोष्टींत सद्गुणाचे फळ म्हणून लगेच घर धनधान्याने भरते. ज्या मुलाचे वडील प्रामाणिक असूनही गरीब आहेत त्याने यातून काय समजावे? अशा गोष्टी लपवून ठेवाव्यात असे आम्हास वाटत नाही. परंतु त्या जशाच्या तशा, मान डोलवीत सांगू नयेत. सांगताना 'तुला काय वाटते?' असे विचारावे आणि येणारे उत्तर ऐकून घ्यावे.

हरिश्चंद्राची कथा ऐकून आमच्या परिचयातील एका नऊ वर्षांच्या मुलीने विचारले होते, 'राजाने बायकोला आणि मुलाला विकले, ते त्यांना विचारून विकले का?' घरातली मोठी माणसे क्षणभर गप्प झाली आणि मग कोणीतरी 'देवादिकांच्या कथेत असे विचारू नये' म्हणून विषय संपवला. त्या दिवशी एक उत्तम संधी हुकली असे आम्हास वाटते. त्या मुलीने सत्याचा अपमान केला नव्हता. आपल्या सत्यासाठी दुसऱ्याला किंमत मोजायला लावावी काय, हा खराखुरा नीतीचा प्रश्न तिने विचारला होता. नीट पाहिले तर राजाच्या गाभाऱ्याचा प्रश्न तोच आहे. गोष्टीने शिकवलेली नीती म्हणजे ठरीव उत्तरांची यादी नव्हे. योग्य वेळी योग्य प्रश्न सुचणे, हीच ती नीती.

मोठ्यांसाठीही

कथा ही मुलांची बाब, असे समजण्याचीही चूक आपण करतो. याविषयी न्यासाच्या कामातलाच एक अनुभव सांगणे अस्थानी होणार नाही. काही वर्षांपूर्वी सभागृहाच्या दुरुस्तीसाठी निधी कमी पडत होता. गरजू विद्यार्थ्यांना दर महिन्याला दिले जाणारे साहाय्य वर्षभर थांबवून ती रक्कम बांधकामाकडे वळवावी, अशी सूचना बैठकीत आली. सूचना आणणाऱ्यांचा हेतू शुद्ध होता. सभागृह समाजाचेच, त्यातून येणारे भाडे पुढे विद्यार्थ्यांच्याच कामी येणार, असा हिशेब त्यांनी व्यवस्थित मांडला. त्या हिशेबात कोणाला चूक दाखवता येईना आणि सूचना जवळपास संमत झाली. तेव्हा एका ज्येष्ठ सभासद बाई शांतपणे म्हणाल्या, 'गाभारा भरायचा तर भरू या. पण आधी वासरांचे बघा.'

बैठकीत हशा पिकला, आणि मग सगळे गंभीर झाले. बाईंनी आकडा सांगितला नव्हता, आक्षेपही घेतला नव्हता. पण तेथे बसलेल्या प्रत्येकाने ती कहाणी कधी ना कधी ऐकली होती, त्यामुळे आपण कोणाच्या जागी उभे आहोत ते एका क्षणात सर्वांना दिसले. दुरुस्ती दोन टप्प्यांत करण्याचे ठरले. अर्धे सभागृह वर्षभर पत्र्याखाली राहिले, पावसाळ्यात दोन कार्यक्रम रद्द करावे लागले आणि त्याबद्दल आम्ही बोलणीही खाल्ली. पण विद्यार्थ्यांचे साहाय्य एक महिनाही चुकले नाही. आज त्या सभागृहातच महोत्सव साजरा होत आहे.

या प्रसंगाने आम्हाला आनंद झाला तशी एक काळजीही लागली. बैठकीत कहाणी माहीत नसलेली मंडळी असती तर बाईंचे वाक्य कोणाला कळले असते? आणखी पंचवीस वर्षांनी कार्यकारी मंडळावर जे येतील त्यांना गाभारा आणि वासरे यांचा अर्थ ठाऊक असेल काय?

आपल्या घरी

बडोद्याला गोष्टींचा दुष्काळ कधीच नव्हता. सतराव्या शतकात याच नगरीत प्रेमानंदांनी गुजराती आख्याने रचली आणि गायली. बोटांतल्या अंगठ्यांनी तांब्याच्या माणेवर ताल धरून कथा सांगणाऱ्या माणभट्टांचे आणि आपल्या कीर्तनकारांचे नाते सख्ख्या भावंडांसारखे आहे. महाराज सयाजीरावांनी १८९३ साली अमरेली भागात आणि १९०६ पासून सर्व राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. १९१० पासून ग्रंथालयांची चळवळ उभारली. सयाजी बालज्ञानमालेतून मुलांसाठी पुस्तकेही काढविली. वाचणारे मूल घडावे म्हणून राज्याने जे करायचे ते येथे शंभर वर्षांपूर्वी झाले. उरते ते घराने करायचे काम.

ते आज अवघड झाले आहे, हे मान्य केले पाहिजे. आपली बहुतेक मुले इंग्रजी किंवा गुजराती माध्यमात शिकतात. आजीआजोबा वेगळ्या घरी किंवा वेगळ्या गावी असतात. हातातल्या यंत्रावर हव्या तेवढ्या गोष्टी मिळतात आणि त्यांतल्या काही उत्तमही असतात. पण यंत्र मुलाच्या चेहऱ्याकडे पाहून थांबत नाही, भिणाऱ्या मुलासाठी राक्षस जरा लहान करीत नाही, आणि मुलाने वेडावाकडा प्रश्न विचारला तर विचारात पडत नाही. गोष्ट सांगणारे माणूस मुलाला रोज दिसते. ते कसे वागते हेही मूल पाहते. म्हातारीची कहाणी सांगणाऱ्या आजीने कामवालीला आधी चहा दिलेला मुलाने पाहिला असेल तर कहाणी खरी ठरते. तसे नसेल तर ती श्रावणापुरती राहते.

म्हणून सभासद बंधुभगिनींना आमची विनंती अगदी साधी आहे. आठवड्यातून एकदा, जेवणानंतर पंधरा मिनिटे, घरातल्या कोणीतरी मुलांना गोष्ट सांगावी. वाचून नव्हे, सांगावी. गोष्ट पुराणातली असो, आपल्या आजोबांनी या गावात पहिल्यांदा कसे बिऱ्हाड केले त्याची असो. तिच्या शेवटी तात्पर्य विचारू नये. मुलाने गुजरातीत प्रश्न विचारला तर 'आधी मराठीत बोल' म्हणून त्याला टोकू नये. प्रश्न आला हेच पुष्कळ झाले. न्यासाच्या सभागृहात महिन्यातून एका रविवारी कथेची बैठक भरवावी, तीत बक्षिसे ठेवू नयेत, आणि ज्येष्ठ मंडळींना आठवणाऱ्या कहाण्या त्यांच्याच आवाजात ध्वनिमुद्रित करून ठेवाव्यात, असाही आमचा प्रस्ताव आहे. यास खर्च जवळपास नाही. आणि जो थोडाफार येईल तो विद्यार्थी साहाय्यातून घेऊ नये, हे वेगळे सांगण्याची गरज नसावी.

पन्नास वर्षांत न्यासाने जे काही साठवले त्यात इमारत आहे, ठेवी आहेत, नावांच्या पाट्या आहेत. त्यांची नोंद हिशेबतपासनीस दरवर्षी करतात. आपल्या समाजाला आजही दोन शब्दांत शहाणे करू शकणाऱ्या गोष्टी ही ठेव कोणत्याच वहीत लिहिलेली नाही. ती पुढच्या पिढीच्या नावावर करायची असेल तर सही लागत नाही, संध्याकाळी घरी थोडे लवकर यावे लागते.